तुपातली काडतुसं

सूर्यभानजींचा तोंडातला शेवटचा दात पौषात हुरडा खाताना पडला, आणि त्या क्षणापासून भातकुलीच्या किसनरावांचा सगळा कापूस रामभरोसे झाला. ही गोष्ट किसनरावांना ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती फक्त दोघांना, सूर्यभानजींना आणि त्यांच्या बायकोला, मैनाबाईला.

दाताचा आणि कापसाचा संबंध काय, असं कोणी विचारील. संबंध बंदुकीतून होता. तिकडे अमेरिका नावाच्या मुलखात भावाभावांची लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. त्यामुळे वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीतून जे बोंड निघेल ते चांदीच्या मोलाने जाऊ लागलं. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे भातकुलीत कोणालाच सांगता आलं नसतं, पण तिथली लढाई लवकर मिटू नये म्हणून मारुतीपुढे नारळ मात्र नियमाने फुटत. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, बायकांनी पाटल्या केल्या, आणि किसनरावांनी बंदूक घेतली. कापूस चांदीचा झाला म्हटल्यावर त्याला राखण नको का?

बंदूक पलटणीतून उतरलेली, ठासणीची होती. तिचं काडतूस म्हणजे कागदाची एक सुरनळी. सुरनळीच्या एका टोकाला शिशाची गोळी आणि तिच्या मागे दारू. शिपायाने सुरनळीचं शेपूट दातांनी तोडायचं, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, मग कागदासकट गोळी वरून सोडून लोखंडी गजाने तळापर्यंत ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक हात बंदूक धरण्यात गुंतलेला, म्हणून शेपूट तोडायला दातच लागत. पलटणीत भरती करताना सरकार आधी तोंड उघडायला लावी आणि पुढचे दात बघे. बाकी माणूस कसा का असेना! एलिचपूरच्या पलटणीत आपली निवड झाली ती दातांवर, असं सूर्यभानजी स्वतःच सांगत. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे काढली आणि हवालदारीपर्यंत पोचले. सुट्टीपुरते घरी येत, आणि मैनाबाईला नवरा घरात असण्याची सवय होते न होते तोच परत जात. पेन्शन घेऊन आले आणि चारच महिन्यांत किसनरावांनी त्यांच्या हातात बंदूक दिली. मग रात्री कापसाच्या वखारीपाशी, आणि दिवसा गाड्यांबरोबर अमरावतीच्या वाटेवर. मैनाबाईचं घर होतं तसंच राहिलं.

दात पडला त्या दिवशी सूर्यभानजी तो तळहातावर घेऊन अंगणात बसले होते.

"किसनरावाले कळलं तं बंदूक काढून घेईन," ते म्हणाले. "मंग मी काय करू? ओट्यावर बसून माश्या मारू?"

"मारा ना. घरी तं रायसान," मैनाबाई म्हणाली.

"तुले मस्करी सुचून राहिली. अवं, बंदूक गेली तं मले गावात कोन विचारते? निसता एक बुढा!"

मैनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. इतका उंचापुरा माणूस, आणि खालचा ओठ आत गेलेला. तिला हसू आलं, पण तिने हात पुढे केला. "द्या ते काडतूस इकडं," ती म्हणाली. "मी तोडून देतो. माहे दात हायेत अजून."

(वऱ्हाडात बाया 'मी देतो' म्हणतात. पुण्याच्या माणसांनी दचकू नये.)

पण काडतूस तोंडाजवळ नेऊन तिने तसंच खाली ठेवलं. "याले चरबी लावली असन. सत्तावन सालात याच्याच पायी तं येवढं रामायन झालं. मी नाई बापा तोंडात घेत."

"थोडीशी चिकनाई लागते. नळी जुनी हाय. गोळी सरकाले पायजे ना."

"मंग मीच करतो."

आणि तिने केली. जुन्या पंचांगाची पानं घेतली. त्यातही अमावास्येची तेवढी फाडली, कारण चतुर्थीचं पान बंदुकीत घालणं तिच्या मनाला बरं वाटेना. लाटण्याच्या टोकावर कागद गुंडाळला, गोळी बसवली, दारू भरली, बाहेरून मधाच्या पोळ्याचं मेण चोळलं. शेपटाला दातांचं काम पडू नये म्हणून तिथे सुताचा एक सैल फासा घातला. सूत ओठांत धरून झटका दिला की शेपूट सुटे, आणि पाहणाऱ्याला वाटे, सूर्यभानजींनी काय दातांनी तोडलं! नवऱ्याने पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मैनाबाईने तोंडाला पदर लावला.

"पलटनीत असं कोनाले सुचलं नाई," सूर्यभानजी म्हणाले. बायकोचं कौतुक एवढ्या स्पष्ट शब्दांत त्यांनी आजवर केलेलं नव्हतं.

अशा तऱ्हेने पौष सुखरूप पार पडला. माघात किसनराव एक बातमी घेऊन आले. अमरावतीपेक्षा अकोल्याला भाव बरा होता, तेव्हा गाड्या यंदा थेट अकोल्याला न्यायच्या. पण त्या रस्त्यावर लूटमार वाढलेली. सरकारने हुकूम काढला होता की गाड्यांबरोबर बंदूक न्यायची तर बंदूकवाला कामाचा आहे की नाही हे आधी तपासून घ्यायचं.

"उद्या अमरावतीहून जमादार येऊन राहिले, नत्थुजी नावाचे," किसनराव म्हणाले. "तुमचा इम्तिहान घेतीन. तुमाले काय भेव हाय म्हना, सूर्यभानजी! तुमचे दात म्हंजे दात."

सूर्यभानजी ओठ मिटून हसले. घरी आले ते मात्र धापा टाकत.

"आता? जमादार म्हंजे पलटनीतला मानूस. तो तोंडाकडं पायल्याबिगर रायनार नाई. नापास झालो तं बंदूक ठान्यात जमा, आनि मी ओट्यावर."

मैनाबाई बराच वेळ चुलीतली लाकडं पुढेमागे करत राहिली. "घाबरू नका," ती शेवटी म्हणाली. "काडतुसं मी नवी करून ठेवतो."

सकाळी सूर्यभानजींनी कातडी पिशवी उघडली तर आतली काडतुसं चकाकत होती. बोट लावून त्यांनी वास घेतला.

"हे मेन नोहे."

"तूप हाय. घरचं. येवढा जमादार येते, त्याच्यासमोर काय मेनाची काडतुसं काढता?"

सूर्यभानजींना ते पटलं. पाहुणा आला की मैनाबाई ज्यात त्यात तूप घाली, भाकरीवर, वरणात, खिचडीत. आता काडतुसांवर घातलं, यात नवल ते काय? शिवाय माघातली थंडी होती, तूप घट्ट रवाळ बसलेलं होतं आणि गोळी लोण्यासारखी सरकेल असं दिसत होतं. त्यांनी पिशवी कमरेला अडकवली आणि वखारीकडे निघाले. गल्लीतली दोन कुत्री त्यांच्यामागे निघाली. मारुतीच्या पारापाशी ती पाच झाली. किसनरावांच्या वखारीत सूर्यभानजी पोचले तेव्हा त्यांच्यामागे एखाद्या सरदारामागे असावा तेवढा लवाजमा होता.

"कुत्रे काहून मागं लागले?" किसनरावांनी विचारलं.

"ओयखतात मले," सूर्यभानजी म्हणाले.

नत्थुजी जमादार घोड्यावरून आले. मोठा कडक माणूस! मिशी अशी झुबकेदार की ओठ आहेत की नाहीत याचा पत्ता लागू नये. हसणं नाही, जास्त बोलणं नाही. खाली उतरल्याबरोबर म्हणाले, "चला, दाखवा. ऊन व्हायच्या आंदी उरकून टाकू."

"असं कसं?" मैनाबाई दारातून म्हणाली. ती मागोमाग आली होती, आणि तिच्या डोक्यावर दुरडी होती. "पाहुना अमरावतीहून आला. उपाशी पोटी इम्तिहान घेते काय? जेवून घ्या, भाऊ."

जमादारांनी नाही म्हणून पाहिलं. पण वऱ्हाडातल्या बाईने ताट वाढल्यावर नाही म्हणणारा जमादार अजून जन्मायचा होता. वांग्याचं भरीत, वरण, भाकर, वर वाटीभर हुरडा. जमादारांनी भाकर वरणात कुस्करली, अगदी पीठ होईपर्यंत कुस्करली, आणि हळूहळू जेवले. हुरड्याला हात लावला नाही. "लेकरांसाठी नेतो," म्हणून उपरण्यात बांधून घेतला. तेवढ्या वेळात मैनाबाईने नवऱ्याच्या कमरेची पिशवी काढून भिंतीवरच्या खुंटीला टांगली. "जेवताना दारू कमरेला कायले पायजे?" असं ती म्हणाली. कुत्री भिंतीखाली माना वर करून बसली. भिंत उगवतीला तोंड करून होती. ऊन तिच्यावर चढत गेलं.

जेवण, सुपारी, पाणी, किसनरावांच्या बैलांची चौकशी. सगळं होऊन मंडळी उठली तेव्हा चांगलं भर दुपारचं ऊन पडलं होतं. वखारीसमोर अर्धं गाव गोळा झालेलं. पन्नास पावलांवर कापसाच्या पोत्यावर एक मडकं ठेवलं होतं.

"भरा," जमादार म्हणाले.

सूर्यभानजी ताठ उभे राहिले. पिशवीत हात घातला तर पिशवी आतून ओली. काडतूस काढलं, ते बोटांतून निसटलं आणि खाली पडायच्या आत कुत्र्याने झेललं. लोक हसले. दुसरं काढलं, सूत ओठांत धरलं, झटका दिला, ओतलं, ठासलं, टोपी बसवली आणि नेम धरून चाप ओढला.

टोपी फट्ट वाजली. बंदूक गप्प.

"दमट असन," जमादार म्हणाले. "अजून एक डाव."

आता खरं म्हणजे आतली गोळी आधी काढायला हवी होती. हे सूर्यभानजींनी स्वतः किती नव्या शिपायांना दटावून शिकवलं होतं! पण अर्धं गाव बघत असताना घाबरलेल्या माणसाचा हात डोक्याला विचारत नाही. पहिल्यावर त्यांनी दुसरं ठासलं. फट्ट! दुसऱ्यावर तिसरं. फट्ट! मात्र या खेपेला नळीच्या तोंडातून एक बारीक निळसर धूर निघाला, आणि सगळ्या आवारभर खमंग वास सुटला.

"कोनाच्या घरी पुऱ्या तळून राहिले?" किसनराव नाक वर करून म्हणाले.

कोणीतरी मोठ्याने हसलं. सूर्यभानजी हसले नाहीत. त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला. हात थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला, तर दुसराही थरथरू लागला.

"राहू द्या," जमादार हलक्या आवाजात म्हणाले. त्यांनी बंदूक घेतली, टोपी काढून टाकली आणि नळीत गज सोडला. रिकाम्या नळीत गज जवळजवळ बुडायला हवा होता. तो चांगला वीतभर बाहेर राहिला. "तीन गोळ्या एकावर एक हायेत. एखादी पेटली असती तं नळी फुटली असती. हवालदार होते ना तुमी?"

"होतो," सूर्यभानजी म्हणाले. "आता नाई रायलो. माहा हात गेला, साहेब. घेऊन जा बंदूक."

त्यांनी पिशवी काढून जमिनीवर ठेवली. कुत्रीसुद्धा जागची हलली नाहीत.

"हात नाई गेला!" मैनाबाई गर्दीतून पुढे आली. पदर नीट घेण्याचंही भान तिला राहिलं नव्हतं. "दारूत तूप गेलं. तूप म्या लावलं. काडतुसं म्या केली. त्यायचा काई कसूर नाई."

"तुमी केली?" जमादारांनी विचारलं. "बाईनं? काहून?"

मैनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचं गुपित सांगायचा हक्क त्यांचा होता. सूर्यभानजींनी एकदा गावाकडे, एकदा किसनरावांकडे पाहिलं. मग भरतीच्या दिवशी उघडलं होतं तसं त्यांनी तोंड उघडलं.

आत काहीच नव्हतं.

किसनराव खालीच बसले. "पुरा कापूस..." ते म्हणाले.

जमादारांनी जमिनीवरच्या पिशवीतून एक काडतूस काढलं. सुताचा फासा निरखून पाहिला, ओढून पाहिला, सुटलेलं शेपूट पाहिलं. मग त्यांनी एकदम आवाज चढवला. "काय तमाशा हाय? चला, निंघा सगळे! किसनराव, कढत पानी आना, हंडाभर. नळी धुवा लागते."

आवार रिकामं झालं. किसनराव पाण्याला धावले. जमादारांनी चारी बाजूंना नजर टाकली आणि दोन बोटांनी मिशी वर उचलून तोंड उघडलं.

मिशीखालीही काहीच नव्हतं.

"दिवाळीपासून," नत्थुजी जमादार म्हणाले. "घरी सोडून कोनाले मालूम नाई. बाई, हे सूत कसं बांधता? मले दाखवा. पन तूप लावू नका बरं."

"मेनाची हायेत ना घरी," मैनाबाई म्हणाली. "रोजचीच. आनतो." आणि ती पळत गेली.

गजाच्या टोकाला गोळी उपसायची मळसूत्री फिरकी लावून जमादारांनी आणि सूर्यभानजींनी मिळून एकेक गोळी ओढून काढली. तिच्यामागून जे निघालं ते दारू कमी आणि काळा शिरा जास्त होता. कढत पाण्याने नळी धुतली, वाळवली. एव्हाना मैनाबाई मेणाची काडतुसं घेऊन परतली होती. सूर्यभानजींनी सूत ओठांत धरलं, झटका दिला, ओतलं, ठासलं, आणि चाप ओढला. असा बार झाला की मारुतीच्या पारावरचे कावळे उडाले. मडक्याचा पत्ता लागला नाही.

"पास," जमादार म्हणाले. "पन एक अट हाय. ही बंदूक एकट्याची नाई, दोघायची हाय. अकोल्याची वाट काई दिवसायची. रात्री दव पडते. काडतुसं वाटेत ताजी कराले पायजे. तं बाई संग जाईन."

"बाईमानूस? गाड्यांसंग?" किसनरावांनी विचारलं.

"तोफखान्यात एका तोफेमागं आठ मानसं रायतात, किसनराव. इथं दोघंच हायेत. तक्रार करून नका राहू."

दुसऱ्या दिवशी उन्हं कोवळी असतानाच गाड्या निघाल्या. सर्वांत पुढच्या गाडीत कापसाच्या ढिगावर सूर्यभानजी बसले, शेजारी मैनाबाई, आणि दोघांच्या मध्ये बंदूक. मैनाबाई अमरावतीखेरीज कुठे कधी गेली नव्हती. ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक झाडाकडे अशी पाहत होती, जणू ही झाडं भातकुलीत नसतातच. गावाची वेस मागे पडली. सूर्यभानजी तिच्याकडे वळले.

"काय वं," ते म्हणाले. "घरी मेनाची काडतुसं होती."

"होती."

"मंग मले तुपाची काहून देल्ली?"

"सांगतलं ना. जमादार येऊन राहिले होते म्हनून."

"जलमभर तूप कढवलं तुनं. उनात तुपाचं काय होते, हे तुले मालूम नाई?"

कापसाचा एक पुंजका उचलून मैनाबाई त्यातली सरकी बोटांनी काढत बसली.

"मालूम हाय," ती म्हणाली. "बंदूक वाजली नसती तं तुमी घरी रायले असते. आंदी पलटनीनं नेले. मंग हिनं नेले. मी म्हटलं, आता तरी माह्या वाट्याले येतीन."

गाडी एका खळग्यातून वर आली.

"मंग कबूल काहून झाली? चूप रायली असती तं काम झालंच होतं ना तुहं."

"तुमचे हात कापून राहिले होते," मैनाबाई म्हणाली. "ते नाई पायवलं माह्याच्यानं."

सूर्यभानजींनी समोर पाहिलं. मग त्यांनी दोघांच्या मधली बंदूक उचलली, पलीकडच्या बाजूला ठेवली आणि ते तिच्याकडे सरकून बसले.

"अकोला किती दूर हाय वो?" मैनाबाईने विचारलं.

"लय दूर हाय."

पुढे बसलेल्या गाडीवानाने बैलांना जोराने हाक दिली आणि चाबूक उगारला. रस्ता लुटारूंचा, गाडीत चांदीच्या मोलाचा कापूस, आणि राखणदार मागून म्हणाला, "हळू हाक रे बापा. काई घाई नाई."